वेळापत्रकामागची हकिकतही छापा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरच्या रविवारच्या पुरवणीत गेले काही महिने यशस्वी माणसांच्या दिनचर्या येत आहेत. कोण पहाटे ४ ला उठतं, कोण रोज किती पानं वाचतं, कोण मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून झोपतं, असं सगळं. मी ती पुरवणी दुपारी जेवण झाल्यावर, मशीन बंद असताना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते. चांगल्या हेतूनंच तुम्ही हे छापता, याबद्दल शंका नाही. पण त्या लिखाणात एक मोठी गोष्ट सुटते आणि त्याचा त्रास आमच्यासारख्या घरांतल्या मुलांना होतो. म्हणून हे पत्र.

मी अशोक चौकाच्या पलीकडे, पूर्व भागात राहते. शाळेचे गणवेश शिवते, त्याला आता ३१ वर्षं झाली. पुढच्या खोलीत चार मशीन आहेत, मी आणि शेजारच्या तिघी. आपल्या सोलापूरचा गणवेश देशभर जातो, त्यातला थोडा आमच्या खोलीतून जातो. माझा धाकटा मुलगा पदवी झाल्यापासून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. मागच्या दिवाळीनंतर त्यानं राज्यात वरचा नंबर आलेल्या एका उमेदवाराचं वेळापत्रक उतरवून घेतलं. पट्टीनं रेघा मारून, दोन रंगांच्या पेनांनी. पहाटे ४ ला उठणं, ४.३० ते ७.३० चालू घडामोडी, मग व्यायाम, मग पुन्हा तीन तास, असं रात्री ११ पर्यंत. तो कागद त्यानं कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

दोन दिवस छान गेले. तिसऱ्या रात्री दीडला नळाला पाणी आलं. आमच्या गल्लीत चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि वेळ ठरलेली नसते. पाणी आलं की सगळी गल्ली उठते, मोटारी सुरू होतात, पिंपं, घागरी, बादल्या, वरची टाकी. घरात ताकदीचं माणूस म्हणजे हाच. तीन वाजेपर्यंत त्यानं पाणी भरलं आणि चारला गजर वाजला. तो उठला, पुस्तक घेऊन बसला आणि सहा वाजता मी दिवा लावला तेव्हा पुस्तकावर डोकं ठेवून झोपला होता. असं करत नवव्या दिवशी त्यानं तो कागद काढला. फाडला नाही, घडी करून डिक्शनरीत ठेवला. आणि मला म्हणाला, "आई, माझ्यात तेवढी जिद्दच नाही."

संपादक महोदय, हे वाक्य मला फार लागलं. पोरगं आळशी नाही. एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे गणवेशाचा हंगाम असतो, तेव्हा बाहेर ४२-४३ अंशांत तो सायकलवर बंडलं घेऊन काज-बटणवाल्याकडे जातो. त्या उमेदवाराच्या कागदावर त्याच्या घरी पाणी कोण भरतं ते लिहिलेलं नव्हतं. स्वयंपाक कोण करतं, किती खोल्यांचं घर आहे, ही सवय लागायला किती दिवस लागले, किती वेळा मोडली, यातलं काहीच नव्हतं. नुसते आकडे होते. आणि नुसत्या आकड्यांपुढे आपलं माणूस स्वतःला कमी समजायला लागतं.

दुसऱ्याकडून सवयी शिकू नयेत असं मी म्हणणार नाही. मला जे काही काम येतं ते सगळं दुसऱ्याचं बघूनच आलं. पण ते कसं आलं, ते मला सांगायचं आहे.

आमच्या शेजारी अक्का राहतात. पद्मशाली समाजाच्या, घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी. चाळीस वर्षं त्यांनी विड्या वळल्या. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि दुपारी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायची. मांडीवर सूप, सुपात एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला कापलेली पानं. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीनं दोन बाजूंनी कापायचं, शिरेची बाजू बघून तंबाखू पसरायची, दोन्ही अंगठ्यांनी वळायचं, दोरा मारायचा आणि छोट्या लोखंडी काडीनं तोंड मुडपायचं. हात इतका चालायचा की विडी कधी तयार झाली ते डोळ्याला कळायचं नाही. २५ विड्यांचा एक कट्टा, ४० कट्टे झाले की हजार. हजार विड्या म्हणजे दिवस भरला. संध्याकाळी त्या विडी कारखान्याच्या ब्रँचमध्ये नेऊन द्यायच्या. तिथे तपासणारा वाईट विड्या छाटून बाजूला काढायचा आणि दुसऱ्या दिवशीची पानं-तंबाखू मोजून द्यायचा.

अक्का पाच कट्टे झाले की एक चिंचोका उजवीकडच्या वाटीतून डावीकडच्या वाटीत टाकायच्या. चिंचोका पडेपर्यंत उठायचं नाही. कुणी हाक मारली तरी "आले" म्हणायच्या, पण उठायच्या नाहीत. आठ चिंचोके पडले की दिवस संपला. मला ही युक्ती फार आवडली. मी शिवणकाम सुरू केलं तेव्हा तीच उचलली. ठरवलं की ४० कॉलरी झाल्याशिवाय उठायचं नाही. चहा नाही, पाणी नाही. दोन महिन्यांत पाठ धरली आणि शेवटच्या दहा-बारा कॉलरींची टोकं एकसारखी येईनात. दुकानदारानं पूर्ण लॉट परत पाठवला. उसवून पुन्हा शिवताना मी रडले, कारण मला वाटलं की अक्कांच्या अंगात जो नेट आहे तो माझ्यात नाही. माझा मुलगा जे आज म्हणाला, तेच मी तेव्हा म्हटलं होतं.

मग एके दिवशी मी अक्कांनाच विचारलं, तुम्ही चिंचोके का टाकता? त्या जे बोलल्या ते मला आजही शब्दाला शब्द आठवतं. म्हणाल्या, "अगं, मी हौसेनं मोजत नाही, भ्यायले म्हणून मोजते. पहिल्या वर्षी तीनदा कमी भरलं. किती झालं ते कळायचंच नाही, बोलण्यात वेळ जायचा. मग सासूनं चिंचोके दिले. तुला कशाला पाहिजेत? तुझ्या कॉलरी समोर दिसतात की ढिगानं." आणि मग म्हणाल्या, "माझं काम सकाळी होत नाही. रात्री होतं. तू रात्री कधी आली नाहीस."

त्या रात्री मी गेले. जेवणं झाल्यावर अक्का दुसऱ्या दिवशीची पानं पाण्यात भिजवत होत्या. भिजवून, निथळून, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची. पान कोरडं राहिलं तर वळताना चिरतं, जास्त ओलं राहिलं तर विडी बुरशी धरते. दोऱ्याचं रीळ सुपाच्या कडेला अडकवून ठेवलेलं. कात्री दगडावर दोनदा घासलेली. फर्मा पुसून पानांच्या पोत्यावर. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम. सकाळी भाकरी थापून झाल्या की अक्का सूप मांडीवर घ्यायच्या ते सरळ पहिली विडी वळायलाच. काही शोधायचं नाही, काही ठरवायचं नाही. त्यांचा खरा वेग तिथे होता आणि मी दुपारी जाऊन फक्त चिंचोके बघत होते.

त्या दिवसापासून मी रात्री मशीन झाकून ठेवत नाही. आठ बॉबिन भरून डबीत ठेवते. सुई बोथट असेल तर तेव्हाच बदलते. दुसऱ्या दिवशीचं पहिलं बंडल उघडून, पहिले दोन तुकडे एकावर एक ठेवून, दाबपट्टीखाली घालून ठेवते. सकाळी नळ असो नसो, पाहुणे असोत नसोत, मशीनवर बसले की पायाला फक्त सुरुवात करायची असते. चिंचोके मी सोडून दिले. पाठीसाठी दर तासाला उठते. हे माझं मी बसवलं, पण मूळ अक्कांचं.

आमच्या कटिंग मास्तरांकडूनही मी एक गोष्ट घेतली, तीही त्यांचं चुकलेलं ऐकून. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात माझ्या हातून मोठा घोळ झाला होता. २६ आणि २८ साइजच्या हाफ पँटींची बंडलं एकात एक मिसळली. मधेच उठून गेले होते, परत आल्यावर कुठपर्यंत मोजलं होतं ते अंदाजानं धरलं. शाळा १५ जूनला उघडायच्या आणि ११ तारखेला १४० पँटी चुकीच्या चिठ्ठ्यांनिशी दुकानात गेलेल्या. आयाबाया मुलांना घेऊन दुकानात उभ्या आणि पँट कमरेत बसेना. मी दोन रात्री झोपले नाही, एकेक पँट पट्टीनं मोजून वेगळी केली.

मास्तर पंचेचाळीस वर्षं कात्री चालवणारे. मला वाटायचं की हा माणूस कधी चुकतच नसेल. मी त्यांना माझं सांगितल्यावर ते म्हणाले की तरुणपणी त्यांनी ६० पदरी कापड पूर्ण बाहीऐवजी अर्ध्या बाहीच्या फर्म्यावर कापलं होतं. मार्किंग चालू असताना कुणी तरी बोलावलं, आले आणि पुढचा फर्मा समजून हातात येईल तो ठेवला. कापडाचे पैसे सात महिने पगारातून गेले. तेव्हापासून ते उठताना, अगदी पाणी प्यायला उठताना सुद्धा, टेबलाच्या कडेला खडूनं एक शब्द लिहितात: "बाही २ झाली", "कॉलर राहिली". त्यांच्या टेबलाची ती कड खडूनं पांढरी झालेली मी कैक वर्षं बघत होते. ती घाण वाटायची मला! त्यामागे सात महिन्यांची पगारकपात आहे हे कळल्यावर मी त्याच दिवशी घरी येऊन मशीनच्या फळीला खडूचा तुकडा दोऱ्यानं बांधला. तो आजही आहे. माझ्या तिघी मैत्रिणीही उठताना लिहितात. आमच्याकडे त्यानंतर साइजचा घोळ झालेला नाही.

हीच गोष्ट मला कुणी "काम सोडताना नोंद करा" अशी यादीत सांगितली असती तर मी वाचून विसरले असते. मास्तरांचा पगार गेला म्हणून ती माझ्या हाताला लागली.

वडिलांचं थोडं सांगते. ते गिरणीत सायझिंग खात्यात, म्हणजे सुताला खळ लावायच्या कामावर, होते. १८७७ साली जुनी मिल उभी राहिली तेव्हापासून कित्येक पिढ्या या गावाचं घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. भोंग्यावर चूल पेटायची, भोंग्यावर मुलं शाळेत जायची. सवय लावायचा प्रश्नच नव्हता. गिरण्या बंद पडल्या, भोंगे गेले. वडील त्यानंतरही पहाटे पाचला उठून, तोंड धुऊन, डबा नसताना दाराशी बसायचे. तीन वर्षं तसे बसायचे. लवकर उठणं ही फार मोठी गोष्ट आहे असं कुणी म्हणालं की मला ते दारातलं बसणं आठवतं. उठून हाताला काम हवं, कामाला वेळ हवा. आताच्या पोरांना भोंगा नाही, आपापला भोंगा आपणच वाजवायचा आहे, हे आमच्या पिढीपेक्षा अवघड आहे, हे मात्र मी मानते.

माझी भाची पुण्यात मानसशास्त्र शिकते. मुलाचं हे सगळं मी तिला फोनवर सांगितलं तेव्हा तिनं तीन-चार गोष्टी सांगितल्या, त्या मी वहीत लिहून घेतल्या. तुमच्या पुरवणीत "२१ दिवसांत सवय लावा" असं दोनदा आलं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर याचा अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकानं स्वतःच एक साधी गोष्ट निवडली होती, जेवणाबरोबर फळ खाणं वगैरे. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असा हिशेब निघाला. कुणाला १८ दिवस, तर कुणाला २५४. आणि एखादा दिवस चुकला म्हणून फार काही बिघडत नाही, असंही त्यात दिसलं. माझ्या मुलानं नवव्या दिवशी कागद काढला तेव्हा त्याला हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

दुसरं, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या केटी मिल्कमन, अँजेला डकवर्थ वगैरे संशोधकांचा २०२० चा एक अभ्यास आहे. ज्यांना व्यायाम वाढवायचा होता त्यांना त्यांनी सांगितलं, तुमच्या ओळखीच्या लोकांकडून एखादी युक्ती हेरून आणा आणि तीच करून बघा. तसं न सांगितलेल्या लोकांपेक्षा त्यांचा व्यायाम जास्त झाला. भाची म्हणाली, "मावशी, तू अक्कांकडून घेतलंस तेच की हे." मला फार बरं वाटलं. स्वतः शोधून आणलेली युक्ती आपल्या मापाची असण्याची शक्यता जास्त, हे मला शिवणकामामुळे लगेच पटलं. आयता ड्रेस आणि मापाचा ड्रेस यात जो फरक, तोच.

आणि बेंजामिन फ्रँकलिन. त्यांचं पहाटे पाचला उठण्याचं वेळापत्रक तुम्ही चौकटीत छापलं होतं. भाचीनं सांगितलं की त्यांनी स्वतःसाठी १३ गुण ठरवले होते आणि जिथे चुकलं तिथे वहीत ठिपका द्यायचे. त्यांतला व्यवस्थितपणा आपल्याला सर्वांत जड गेला, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. म्हणजे ज्याचं वेळापत्रक आपण भिंतीला लावतो त्यालाच ते जमत नव्हतं! चौकटीत ही ओळ असती तर कितीतरी मुलांना धीर आला असता.

आता मुलं ते टोमॅटो तंत्र वापरतात, २५ मिनिटं सलग अभ्यास आणि मग थोडी विश्रांती. तेही १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटलीतल्या विद्यार्थ्याचं अभ्यासात लक्ष लागत नव्हतं म्हणून जन्मलं. स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ घेऊन त्यानं आधी स्वतःशी एवढंच ठरवलं होतं, की निदान दहा मिनिटं तरी खरा अभ्यास होतो का बघू. दहा मिनिटांची ही सुरुवात कुणी सांगत नाही, २५ चा आकडा तेवढा सांगतात. अक्कांच्या कट्ट्यातही २५ च विड्या, पण अक्का मध्येच डोळे दुखले तर पंधरावर थांबायच्या आणि समोरच्या कडुलिंबाकडे बघत बसायच्या.

बायकांबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, पण पत्र लांबत चाललं आहे म्हणून एवढंच. तुम्ही छापलेल्या दिनचर्यांत बहुतेक पुरुष आहेत. त्यांच्या पहाटेच्या दोन शांत तासांत घरात कुणीतरी चहा टाकत असतं, डबा करत असतं, म्हाताऱ्या माणसाला संडासला नेत असतं. ते "कुणीतरी" कोण, हे विचारल्याशिवाय ती दिनचर्या पूर्ण होत नाही. आमच्या तिघींपैकी एकीची सासू अंथरुणाला खिळलेली आहे. तिला सलग अर्धा तास कधी मिळत नाही. तरी आमच्यात सगळ्यांत जास्त पीस तिचे होतात. कसे? ती बंडल मोठं घेतच नाही, सहा-सहाची छोटी बंडलं करून घेते. सहा झाले की गाठ मारून ठेवली, मध्ये उठावं लागलं तरी हिशेब तुटत नाही. ही बाई पहाटे उठण्यावर काही सांगू शकणार नाही, पण तुकड्या-तुकड्यांच्या दिवसात काम कसं उरकायचं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिला मात्र कधी कुणी विचारलेलं नाही.

मुलाचं पुढे काय झालं ते सांगते. मी त्याला म्हटलं, राज्यातला राहू दे, आपल्या भागातलं कुणी सापडतंय का बघ. त्याच्या अभ्यासिकेत पूर्वी येणारी एक मुलगी आता महसूल खात्यात नोकरीला आहे, चौथ्या प्रयत्नात लागली. हा संकोचत तिला भेटायला गेला. दीड तास बोलली ती. पहिल्या दोन वर्षांत तिनंही तीन वेगवेगळी वेळापत्रकं चिकटवली आणि काढली. ती अक्कलकोटहून रोज एसटीनं यायची, तेव्हा बसमध्ये वाचायला गेलं की मळमळायचं. म्हणून तिनं बसमध्ये वाचायचं सोडून दिलं आणि आदल्या दिवशी चुकलेले प्रश्न मनातल्या मनात सोडवायला सुरुवात केली. त्यासाठी रात्री झोपताना चुकलेले पाच प्रश्न एका चिठ्ठीवर लिहायचे आणि चिठ्ठी चपलेत ठेवायची, म्हणजे सकाळी विसरायला नको. तिसऱ्या प्रयत्नात दोन गुणांनी गेलं तेव्हा महिनाभर तिनं पुस्तक उघडलं नाही, हेही तिनं सांगितलं. तो घरी आला तेव्हा मला वेगळाच वाटला. म्हणाला, "आई, ती पण महिनाभर बसली नव्हती." ती कशी यशस्वी झाली यापेक्षा हे त्याला जास्त उपयोगी पडलं असं माझं मत आहे.

त्यानं तिचं सगळं उचललं नाही. चपलेतली चिठ्ठी तेवढी घेतली. आमच्याकडे एसटी नाही, पण पाणी आहे. पिंप भरायला जो वेळ लागतो त्यात नळाशी उभं राहून तो त्या पाच प्रश्नांचा विचार करतो. पाण्याच्या रात्रीनंतर चारला उठायचं नाही, सातला उठायचं, हे त्यानं वहीत लिहूनच ठेवलं आहे, म्हणजे अपराधी वाटत नाही. मधे संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा आली, नंदीध्वज, अक्षता, गड्ड्याची जत्रा, घरात पाहुणे. चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी चिठ्ठी पुन्हा चपलेत होती. मी बघितली, बोलले नाही. परीक्षेचं काय होईल ते होईल. पण तो स्वतःला नालायक म्हणायचा थांबला आहे.

तर माझी विनंती अशी. मोठ्या माणसांच्या दिनचर्या छापाच, पण त्याशेजारी आठवड्याला एक छोटी जागा या गावातल्या कामकरी माणसाला द्या. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी करून सकाळी मुलांचे डबे करणारी परिचारिका, एसटी स्टँडवरचा कंडक्टर, हातमागावर चादर विणणारे आता थोडेच उरलेत त्यांतले एखादे आजोबा, रोज दोनशे कडक भाकरी करून हॉटेलांना देणारी बाई, हिराचंद नेमचंद वाचनालयात रोज ठरलेल्या खुर्चीत बसणारे पेन्शनर. त्यांना वेळापत्रक विचारू नका. कुठली एक सवय तुमच्या उपयोगी पडली आणि ती कुणाकडून घेतली, हे विचारा. ती लागायच्या आधी काय नुकसान झालं होतं, हे विचारा. कुठल्या दिवशी ती मोडते आणि मोडल्यावर परत कशी धरता, हे तर नक्की विचारा. आणि त्यांच्या घरात पाणी कोण भरतं, हेही. एवढं छापलंत तर वाचणाऱ्याला आपल्या मापाचं काय आणि काय नाही ते ठरवता येईल.

वाचकांनीही आपापल्या घरात, गल्लीत विचारावं. आपल्या गावात हातानं काम करणाऱ्या माणसांची कमी नाही. पण त्यांना "तुम्ही कसं करता?" असं कुणी विचारलं की आधी त्यांना खरंच वाटत नाही. अक्कांना मी या पत्राबद्दल सांगितलं तर म्हणाल्या, "माझं काय छापायचं त्यात?" मी त्यांच्याकडून पानं भिजवण्याचं पुन्हा सगळं विचारून घेतलं, पोतं किती ओलं ठेवायचं इथपर्यंत, कारण आता त्यांच्या बोटांना कळ येते आणि त्या विड्या वळत नाहीत. सुना दुसऱ्या कामाला लागल्या, ते चांगलंच झालं. सूप मात्र अजून भिंतीला टांगलेलं आहे आणि चिंचोक्यांच्या दोन्ही वाट्या देवळीत आहेत.

पत्र मोठं झालं याची जाणीव आहे. कापून छापलंत तरी हरकत नाही, पण अक्कांचा आणि मास्तरांचा भाग तेवढा राहू द्या. आणि तुमचा वार्ताहर सदराच्या कामासाठी येणार असेल तर मंगळवारी किंवा शुक्रवारी दुपारी पाठवा, अक्का त्या दिवशी दवाखान्यात जात नाहीत. मास्तरांकडे जून संपल्यावरच जावं, तोपर्यंत त्यांच्या हातात कात्री असते आणि कात्री हातात असताना ते बोलत नाहीत.

आपली,
गणवेश शिवणारी एक वाचक,
पूर्व भाग, सोलापूर